सामान पुण्याला न्यायचंय, गाडीवाला कोणता धरावा?

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. मिस्टर रिटायर झाले, पोरगा पुण्याला बोलावून राहिला. नेटवर नंबर काय टाकला, दिवसभर फोनच फोन. एक जण अर्ध्या भावात नेतो म्हणते, पण पाच हजार आधी पाठवा म्हणते. यवतमाळच्या कंपनीचा भाव लय आहे. लोखंडी कपाट, सासूबाईंचा सागवानी दिवाण, फ्रीज, कूलर, स्कूटी, भांडीकुंडी एवढं सामान आहे. कोणाले धरावं?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ते पाच हजार पाठवू नका. ज्यानं तुमचं घर पाहिलं नाही, दिवाण केवढा ते पाहिलं नाही, तो भाव कशाच्या भरवशावर सांगून राहिला? सामान चढलं की म्हणते हे तर दीड गाडी निघालं, पैसे वाढवा, आणि तोवर तुमचा सारा संसार त्याच्या ताडपत्रीखाली असते.

यवतमाळवाल्याला घरी बोलावा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर माळ्यासकट सगळं दाखवा आणि भाव लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना, पण त्यात पॅकिंग, हमाली, टोल, जीएसटी आणि पुण्यातला मजला सगळं आलं पाह्यजे. मग घासाघीस करा, थोडंफार कमी करतातच. जीएसटी नंबरही मागा. तो १५ अक्षर-आकड्यांचा असते, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होते, जीएसटीच्या साइटवर टाकला की धंद्याचं नाव दिसते. ते नाव, कोटेशनवरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात मागते ते नाव जुळत नसेल तर राम राम म्हणा. मोठ्या कंपनीसारखं नाव लावून फिरणारे बरेच आहेत.

आणखी एक, मृग लागल्यावर काळ्या मातीत मोठी गाडी गावात येत नाही, फसली तर ट्रॅक्टर बोलवा. मग सामान छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, डांबरी रोडपर्यंत न्यावं लागते आणि तो खर्च ऐनवेळी तुमच्यावर येते, म्हणून रस्ता कसा आहे ते आधीच सांगून कोणाचे पैसे ते ठरवा. 'पार्ट लोड' आहे का तेही विचारा, म्हणजे दुसऱ्याच्या सामानासोबत, वाटेत गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत. दिवाणाचे पाय असेच मोडतात. माझं मत विचाराल तर पैसे जास्त गेले तरी सरळ गाडी घ्या.

चढवताना नग मोजून यादी करा, टीव्ही-फ्रीजचे फोटो काढा, बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यानं दिलेल्या मालाच्या पावतीवर, त्याची सही घ्या. इन्शुरन्सचे पैसे घेतले तर विमा कंपनीची पॉलिसी मागा, नुसत्या बिलावरच्या ओळीला अर्थ नाही. नुकसान झालंच तर २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यात बुकिंगपासून १८० दिवसांत ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस द्यावी लागते, कोर्टात जायचं ते त्यानंतर. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

स्कूटीतलं पेट्रोल काढा, आरसी, इन्शुरन्स, पीयूसीची झेरॉक्स द्या. लोणच्याच्या बरण्या सोबत ठेवा, सांडलं तर गाद्या गेल्या. गॅस सिलेंडर गाडीत टाकू नका, एजन्सीत रेग्युलेटरसकट जमा करून डिपॉझिट परत घ्या, ट्रान्सफर व्हाउचर घ्या, ते दाखवलं की पुण्यात नवं कनेक्शन मिळते.