आभाळातून पडलेलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९४७ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉसवेलला लष्कराने आधी ‘उडती तबकडी सापडली’ असं जाहीर केलं आणि त्याच दिवशी ‘तो हवामानाचा फुगा होता’ असं सांगितलं. १९९४ मध्ये तिसरंच काही सांगितलं. तीनदा फिरवलेली जबानी हाच पुरावा नाही का? तुम्ही स्वतः वेधशाळेत फुगे सोडलेत, म्हणून तुम्हाला विचारतो.
— एक शिक्षक, उदगीर

उत्तर : गुरुजी, सरकार खोटं बोललं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्या खोट्यामागे काय दडलं होतं, हे पाहिल्याशिवाय ते परग्रहावरच्या यानाचा पुरावा ठरत नाही.

मी एकतीस वर्षं वेधशाळेत काढली, त्यातली बरीचशी नागपूर आणि रत्नागिरीला. पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेधासाठी हायड्रोजन भरून फुगा सोडायचा, त्याला रेडिओसाँड, म्हणजे वरच्या हवेची मोजमापं रेडिओने कळवणारी पेटी, बांधलेली. वर फुगा फुटला की पेटी खाली येई, कुठेही. एकदा काटोलकडचा एक शेतकरी ती पेटी पोत्यात गुंडाळून घेऊन आला. सोबत रबराच्या चिंध्या होत्या. उन्हात पडून राहिलेलं रबर धुरकट होतं आणि हातात चुरतं. ज्याने आधी पाहिलेलं नाही, त्याला ते कशाचं हे सांगता येणार नाही.

म्हणून मला रॉसवेलच्या गोष्टीत सर्वांत जवळचा वाटतो तो विल्यम ब्रेझल, कुरणावर काम पाहणारा माणूस. त्याला जूनमध्ये सुमारे दोनशे यार्डांत विखुरलेल्या रबराच्या पट्ट्या, चंदेरी कागद, काड्या आणि फुलांची नक्षी छापलेली चिकटपट्टी सापडली. रबर धुरकट करड्या रंगाचं होतं, असं त्याने सांगितलं. सगळं मिळून पाचेक पौंड भरेल, असा त्याचा अंदाज होता. जुलैच्या सुरुवातीला त्याने हे शेरिफला, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला, कळवलं. ८ जुलैला रॉसवेलच्या हवाई तळाने तबकडीचं पत्रक काढलं. अणुबाँब टाकू शकणारी अमेरिकेची एकमेव तुकडी त्याच तळावर होती, त्यामुळे बातमी जगभर गेली. संध्याकाळपर्यंत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या तळावर जनरल रॅमी यांनी कार्यालयात जमिनीवर तुकडे पसरून फोटो काढू दिले आणि हवामानाचा फुगा म्हणून विषय मिटवला. ब्रेझल मात्र वार्ताहराला म्हणाला, की हवामानाचे फुगे मला याआधी दोनदा सापडलेत, हा तसला नव्हता.

तो बरोबर होता! एका फुग्याचा एवढा पसारा होत नाही. आता ज्याला मोगल प्रकल्प म्हणतात, त्या गुप्त लष्करी प्रकल्पात दोन डझनांच्या आसपास फुगे एकाखाली एक बांधून सहाशे फुटांहून लांब माळ सोडत. मॉरिस युइंग या भूभौतिकशास्त्रज्ञाने समुद्रात ध्वनी फार दूरवर नेणारा एक थर दाखवला होता. तसाच थर हवेत उंचावर असेल आणि रशियाच्या अणुस्फोटाचा आवाज तिथे मायक्रोफोन टांगून ऐकता येईल, ही त्याचीच कल्पना. न्यूयॉर्क विद्यापीठाची मंडळी न्यू मेक्सिकोतल्याच अलामोगोर्डोहून या माळा सोडत. त्यांना रडारसाठी चंदेरी कागदाची परावर्तकं बांधलेली असत, आणि ती जोडायला खेळणी बनवणाऱ्यांकडची नक्षीदार पट्टी वापरली होती. ब्रेझलची फुलं ती हीच. हवाई दलाच्या १९९४ च्या अहवालाप्रमाणे बहुधा ४ जूनला सोडलेली माळ त्या कुरणावर पडली. प्रत्यक्ष फुगे सोडणाऱ्या चार्ल्स मूर यांनाही प्रकल्पाचं नाव कित्येक दशकांनी कळलं.

तबकडीचं पत्रक मला लपवाछपवी वाटत नाही. काही दिवसांपूर्वीच केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला दिसलेल्या नऊ चकाकत्या वस्तूंची बातमी गाजली होती, तिच्या भरात केलेली ती घाई होती. पण नंतर ४७ वर्षं गप्प बसणं, हे मला अजून खटकतं. रशियाचा पहिला स्फोट १९४९ च्या ऑगस्टमध्ये झाला आणि तो विमानांनी गोळा केलेल्या किरणोत्सारी कणांवरून ओळखला गेला. मग फुग्याचं गुपित पुढे इतकी वर्षं कशाला सांभाळायचं? १९४७ मध्ये कुरणावरचे तुकडे उचलून नेणारे मेजर मार्सेल १९७८ मध्ये ‘ते पृथ्वीवरचं नव्हतं’ म्हणू लागले, तेव्हा उत्तर द्यायला कुणी पुढे आलं नाही. १९९५ मध्ये अमेरिकन संसदेच्या लेखातपासणी खात्याने शोध घेतला, तर तळावरून त्या काळात पाठवलेले संदेश नष्ट केलेले निघाले. ते कुणी, केव्हा, कोणाच्या परवानगीने नष्ट केले याची नोंद नाही. दप्तर असं हाताळलं की लोक संशय घेणारच. त्यात लोकांची चूक नाही.

प्रश्न : काका, मग वैमानिकांनी पाहिलेलं सगळं फुगेच का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नाही गं. १९५५ पासून अमेरिकेचं यू-टू हे गुप्त टेहळणी विमान साठ हजार फुटांवर उडायला लागलं. प्रवासी विमानं तेव्हा दहा-वीस हजार फुटांवर. खाली अंधार पडला तरी वर ऊन असतं, त्यामुळे वैमानिकांना डोक्यावर पेटलेलं काहीतरी दिसे. (आमचा संध्याकाळचा फुगाही असाच सूर्य मावळल्यावर ताऱ्यासारखा चमकायचा.) हवाई दलाचे तपासनीस सीआयएला विचारत, खरं कारण त्यांना कळे, पण तक्रारदाराला सांगायची मुभा नव्हती. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि साठच्या दशकातल्या उडत्या तबकड्यांच्या निम्म्याहून जास्त नोंदी या टेहळणी विमानांच्या होत्या, असं सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिलं. मला ते प्रमाण फार वाटतं. अमेरिकन गुप्तचर खात्याच्या २०२१ च्या अहवालात आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या १४४ नोंदी होत्या, त्यांपैकी एकच उलगडली, तो हवा गेलेला मोठा फुगा निघाला. उरलेल्यांबद्दल पुरेशी माहितीच नाही. तेव्हा ‘उलगडलं नाही’ एवढंच लिहून थांब. त्याला ‘परग्रहावरचं’ जोडायचं असेल तर तुकडा लागेल, जो कुणालाही तपासायला मिळेल असा.

प्रश्न : आमच्या रानात असं काही पडलं तर काय करावं?
— एक शेतकरी, उमरखेड

उत्तर : दादा, तुमच्या भागात हे खरंच घडू शकतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र हैदराबादला आहे. तिथले प्लास्टिकचे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात आणि उपकरणं रंगीत छत्रीला लटकून खाली येतात. विदर्भ-मराठवाड्यातले जिल्हे त्या टप्प्यात आहेत, आणि फुगे सोडण्याआधी संस्था तसं जाहीर करते. उपकरण उघडू नका, हलवू नका. पेटीवर पत्ता आणि फोन लिहिलेला असतो. तिथे किंवा पोलीस पाटलांना कळवा. न छेडता ठेवलंत तर बक्षीसही देतात. आणि कळवण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा, तारीख-वेळेसह.