न्यू जर्सीत लँडस्केपिंगचा व्यवसाय: वसंताआधी ग्राहकांची अंगणे कशी तयार करावीत?

न्यू जर्सीत हा व्यवसाय नव्याने सुरू करताना मार्चमधील कामांचा क्रम कसा ठेवावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सर्वांत आधी संयम हवा, कारण बर्फ वितळल्यावर माती चिंब असतानाच तिच्यावर यंत्रे फिरवली, तर ती घट्ट दबते आणि गवताच्या मुळांना हवा मिळेनाशी होते. मूठभर माती दाबून पाहावी; ती भुसभुशीत होऊन सुटली, तरच काम हाती घ्यावे.

क्रॅबग्रास या तणाला रोखणारे औषध त्या तणाचे बी रुजण्याआधी, म्हणजे मातीचे तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसला पोहोचण्याच्या सुमारास टाकावे लागते. फोर्सिथिया या झुडपाचा पिवळा बहर ही त्या वेळेची जुनी आणि उपयुक्त खूण आहे. मात्र हे औषध हिरवळीचे नवे बीही सहसा रुजू देत नाही, त्यामुळे ज्या ग्राहकाला मोकळ्या जागी गवत पेरून हवे आहे, त्याला हे आधीच स्पष्ट सांगावे.

खताच्या बाबतीत राज्याचा २०११ चा कायदा कडक आहे: व्यावसायिकांना १ मार्चपूर्वी खत टाकता येत नाही, त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि माती परीक्षणाने गरज दाखवल्याशिवाय जुन्या हिरवळीला फॉस्फरस देता येत नाही.

लायलॅक आणि अझेलिया या फुलझुडपांची छाटणी फुले सरल्यावरच करावी, कारण त्यांच्या कळ्या आदल्या वर्षीच धरलेल्या असतात. झाडांभोवती मातीवर पसरायचे आच्छादन (मल्च) दोन-तीन इंचांचे पुरते, पण ते खोडाला टेकू देऊ नये.