समाजशास्त्रात बी.ए. करतोय, हा विषय गावच्या प्रश्नाला लावायचा कसा आणि नोकरीसाठी तयारी काय करायची?

तुम्ही बीड जिल्ह्यातले, दुसऱ्या वर्षाला आहात आणि "सिद्धांत पाठ आहेत, पण त्यांचं करायचं काय?" असं विचारलंय. एक खरा प्रश्न धरा आणि त्यावर छोटा पण चोख सर्वे करा. अभ्यासही त्यातूनच होईल आणि नोकरी मागताना दाखवायलाही तेच उपयोगी पडेल. तुमच्या भागात असा प्रश्न शोधत फिरायला नको: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची शाळा.

पहिलं काम यादीचं, आणि बरेचसे सर्वे इथेच फसतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीसाठीचा कागद आहे. गायरानावरची घरं, शेतातल्या वस्त्या, एकाच छपराखाली वेगळ्या चुली मांडलेले भाऊ त्यात नीट सापडत नाहीत. आणि ऊसतोडीला जाणारे बरेच जण नेमके याच घरांतले असतात. म्हणून आधी गाव पायी फिरून कच्चा नकाशा काढा, प्रत्येक घराला नंबर द्या. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, ही व्याख्या धरा.

समजा ४०० कुटुंबं निघाली. ९५ टक्के खात्रीने, ५ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घ्यायची तर साधारण १९६ घरं करावी लागतील. एकट्याला ते जड आहे. दर सहावं घर घेतलंत तर ६६-६७ होतात. त्यात आकडा सुमारे ११ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. शिकण्यासाठी तेवढं पुरे, फक्त अहवालात हे स्पष्ट लिहा. सुरुवात १ ते ६ मधली चिठ्ठी उचलून करा, पाटलाच्या वाड्यापासून नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सर्वेसाठी निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारच्या घरी जाऊन फॉर्म भरू नका. दिवाळीनंतर सर्वे केलात तर कुलूपबंद घर म्हणजेच तुमचा विषय. ते गाळलंत की "गावातली जवळपास सगळी मुलं शाळेत जातात" असा सुंदर आणि खोटा निष्कर्ष हाती येतो. ऊसतोडीच्या टोळ्या गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात, त्यामुळे एप्रिलअखेर ते मे हा काळ बरा. तरीही घर बंद असेल तर आणखी दोन वेळा जा, मग "बंद" अशी नोंद करा आणि माणसं कुठे गेलीत ते शेजारी विचारा.

"मुलगी शाळेत जाते का?" या प्रश्नाला उत्तर "हो" असंच येणार, कारण नाव पटावर असतं. त्याऐवजी विचारा: दिवाळी ते होळी ती कुठे होती? कारखान्यावर असेल तर कोपीवर (तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीवर) दिवसभर काय करायची? धाकट्या भावंडाला कोण सांभाळायचं? शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर केलेल्या मुलाला तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) मिळालं होतं का, आणि तिथल्या शाळेने ते घेतलं का? मुलगा आणि मुलगी यांचे रकाने वेगळे ठेवा. मुकादम (टोळी नेणारा कंत्राटदार) शेजारी बसला असेल तर उचलीबद्दल, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल, अवाक्षर काढू नका, नंतर परत या. बायकांशी शक्यतो बाईनेच बोलावं. वर्गातल्या मैत्रिणीला सोबत घ्या. आणि सुरुवातीलाच सांगा की या माहितीमुळे कुठलीही योजना मिळणार नाही आणि बंदही होणार नाही. नाहीतर लोक घरकुलाच्या आशेने उत्तरं देतात.

पाठ केलेले सिद्धांत इथून पुढे कामाला येतात. "पालकांमध्ये जागृती नाही" हा निष्कर्ष मला मान्य नाही. तो आळशी निष्कर्ष आहे. उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला. दोघंही फडात गेले की लेकरं कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न कुटुंबरचनेचा आहे. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची भीती हा लिंगभावाचा प्रश्न आहे. या भागातल्या बालविवाहाचा एक धागाही जोडीच्या या हिशेबाशी जुळतो. म्हणून तक्ता मांडताना मुलाचं वय, लिंग आणि "घरी आजी-आजोबा आहेत का" हे तिन्ही एकत्र पाहा. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलाच्या जेवणाची सोय होते. पण घरी म्हातारं माणूसच नसेल तर त्या जेवणाने काय साधणार? ऊसतोडीला जाणारी घरं २० च निघाली तर "७० टक्के" लिहू नका, "२० पैकी १४" असं लिहा. जोडीला आजी, शिक्षक, मुकादम अशा आठ-दहा जणांच्या सविस्तर मुलाखती घ्या. आकड्यांमागचं कारण तिथे कळतं.

फॉर्म मोबाइलवर कोबोटूलबॉक्स या सर्वेच्या साधनात बनवा, आणि आकडे गटवार मोजणारं एक्सेलचं पिव्होट टेबल हातात बसवा. नावं आणि फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

नोकरीचं स्पष्ट सांगतो: नुसत्या बी.ए.वर फारसं हाती लागत नाही, एम.ए. कराच. तुळजापूरला टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) आवार आहे. लोकसंख्या आणि आरोग्याकडे ओढा असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करणारी मुंबईत देवनारची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) बघा. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, पण कायम जागांची वाट लांब आहे, फक्त तिच्यावर विसंबू नका. सामाजिक संस्थांमध्ये प्रकल्पांच्या मूल्यमापनाची कामं असतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यामुळे तिथेही अशी माणसं लागतात. त्याच वर्षीच्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे. त्या पथकांना घरोघरी फिरून विश्वासार्ह माहिती आणणारे लोक हवे असतात. यूपीएससीला समाजशास्त्र हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. अर्जासोबत प्रश्नावली, नावं काढलेला डेटा आणि आठ-दहा पानी अहवाल जोडा. इंग्रजी कच्चं असेल तर निदान एक पानी सारांश इंग्रजीत स्वतः लिहा.

वेळापत्रक असं ठेवा: फेब्रुवारी-मार्चमध्ये नकाशा आणि प्रश्नावली, एप्रिलमध्ये शेजारच्या गावात पाच घरांवर चाचणी, मेमध्ये सर्वे. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. तोवर दोन पानी टिपण शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. वसतिगृहाचा प्रस्ताव टोळ्या निघायच्या आधी मंजूर व्हायचा असेल तर त्याला तेवढे महिने लागतातच.