आरए फॅक्टर निगेटिव्ह, तरी आमवात?

प्रश्न: आईची बोटं सकाळी तासभर आखडलेली असतात, भाकरी थापता येत नाही. रक्ततपासणीत आरए फॅक्टर निगेटिव्ह आलाय तरी डॉक्टर आमवात म्हणतात, असं कसं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: होतं असं ताई, साधारण २० ते ३० टक्के पेशंटचा हा फॅक्टर निगेटिव्हच येतो आणि उलट धडधाकट माणसाचाही कधी पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे एका रिपोर्टवर जाऊ नका. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी केली नसेल तर डॉक्टरांना विचारा, ती पॉझिटिव्ह आली की निदान बरंच पक्कं होतं, सांधे खराब व्हायचा धोकाही जास्त धरतात. सीआरपी, ईएसआर या रक्ततपासण्यांवरनं सूज कळते, औषध लागू पडतंय का तेही. आणि मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध दिलं तर आठवड्यातनं एकदाच हं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं! गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, तोवर मनानं गोळ्या बंद करू देऊ नका.