समासातला प्रश्न

प्रिय,

आधी लेखन शिकावं की संपादन, असं तू विचारलंस. मी म्हणेन, संपादन. स्वतःच्या वाक्यांवर जीव जडलेला असतो, त्यामुळे त्यांतले दोष नजरेतून निसटतात. दुसऱ्याच्या लेखात ते चटकन दिसतात, आणि तिथे सरावलेली नजर पुढे आपल्या मजकुरालाही सोडत नाही.

लेख हाती आला की पहिल्यांदा पेन बाजूला ठेवून नुसता वाच. लक्ष कुठे भरकटलं, तेवढं ध्यानात ठेव. मग रचना बघ. खरा लेख पुष्कळदा तिसऱ्या परिच्छेदात सुरू होतो. आधीच्या दोन परिच्छेदांत लेखक विषयात शिरायची वाट शोधत असतो. ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी. जो परिच्छेद उद्या काढायचाच आहे, त्यातल्या वेलांट्या आज सुधारून काय मिळणार?

सगळ्यात अवघड आहे हात आवरणं. वाक्य खटकलं की ते आपल्या पद्धतीने लिहून टाकावंसं वाटतं. वाक्य गुळगुळीत होतं, पण लेखकाचा आवाज जातो. त्यापेक्षा समासात प्रश्न लिही. 'गेल्या काही वर्षांत बरेच लोक गाव सोडून गेले' या वाक्याशेजारी विचार: साधारण किती? कोण आधी गेलं? हे तुम्हाला कुणी सांगितलं? लेखक खरोखर तिथे जाऊन आलेला असेल, तर उत्तरादाखल असं काही पाठवतो की तोच लेखाचा गाभा ठरतो. उत्तर नसेल तर वाक्य काढायला त्याचीही हरकत नसते. प्रश्न मात्र आदराने विचार. लेखकाला उलटतपासणी झाल्यासारखं वाटलं, तर पुढचा लेख तो तुझ्याकडे देणार नाही.

हीच शंकेखोर नजर माहितीवरही हवी. अमेरिकेत 1923 साली निघालेल्या 'टाइम' साप्ताहिकाने माहिती तपासायला वेगळी माणसं ठेवली. 1925 साली सुरू झालेलं 'न्यू यॉर्कर' तर या कामासाठीच ओळखलं जातं. लेखात ज्यांचा उल्लेख आहे त्यांना तिथले तपासनीस स्वतः फोन करतात. तुझ्या हाताशी असा विभाग बहुधा नसेल, म्हणून नाव, तारीख, आकडा, अवतरण यांतलं प्रत्येक मूळ ठिकाणी पडताळून त्याखाली पेन्सिलीची खूण कर. आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं वाटतं, ते तर आधी तपास. टक्केवारी दिसली की बेरीज करून बघ.

काटछाटीचंही सांगतो. छपाईत मोठ्या कागदावर 8 किंवा 16 पानं एकदम छापून घडी घालतात. तो फर्मा. त्यामुळे अंकाची पानं हवी तशी वाढवता येत नाहीत आणि 1,800 शब्दांचा लेख 1,200 शब्दांत बसवायची वेळ येते. अशा वेळी प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द खुडत बसू नकोस. अख्खा लेख धापा टाकायला लागतो. एक पूर्ण प्रसंग किंवा एक मुद्दा काढ, बाकीच्यांना श्वास घेऊ दे. सरावासाठी छापून आलेला एखादा चांगला लेख निम्मा करून बघ. काय काढताच येत नाही, ते तेव्हा कळतं.

स्वतः लिहायला घेशील तेव्हा संपादकाला नुसता विषय कळवू नकोस. 'नदीप्रदूषण' हा विषय झाला. 'शुद्धीकरण केंद्र उभं राहूनही सांडपाणी नदीतच का जातं?' यात लेख आहे. त्या मासिकाचे मागचे चार-पाच अंक वाचून, हा प्रश्न कोणत्या सदरात बसेल आणि तू कुणाकुणाला भेटणार, ते एका परिच्छेदात लिही.

लेख छापून आला की तुझी प्रत शेजारी ठेवून ओळीन् ओळ ताडून बघ. एखाद्या बदलाने अर्थ किंवा माहिती चुकली असेल, तर त्याच दिवशी कळव आणि पुढच्या अंकात दुरुस्ती माग. नुसता तुझा आवडता शब्द गेला असेल, तर सोडून दे.

सस्नेह