सांता क्लारा काउंटीतील न्यायालयाची कागदपत्रे भारतातून कशी शोधावीत आणि मिळवावीत?

आपण विचारले आहे की, आपले थोरले काका कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहत होते, 2009च्या सुमारास त्यांचा तिथे घटस्फोट झाला आणि पुढे तिथेच त्यांचे निधन झाले. आता गावाकडच्या जमिनीवर वारस नोंद करताना घटस्फोटाचा कागद मागितला जात आहे, तर तो पुण्यात बसून कसा मिळवावा, त्यासाठी अमेरिकेत वकील करावा लागेल का, ‘संपूर्ण अहवाल’ देतो म्हणून पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळाला ते द्यावेत का, आणि काकांच्या मृत्युपत्राबाबत तिथल्या न्यायालयात काही नोंद आहे का, हे कसे कळेल? सॅन होजे ज्यात येते त्या सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) मी राहतो आणि ओळखीच्या कुटुंबांसाठी असे कागद शोधून देण्याचे काम अनेकदा केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा हुकूमनामा सार्वजनिक कागद मानला जातो. तो पाहण्यासाठी किंवा त्याची प्रमाणित प्रत घेण्यासाठी आपण पक्षकार असण्याची, नाते सिद्ध करण्याची किंवा कारण सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्याकडे पक्षकार नसलेल्या माणसाने नक्कल मागितली की तिचे प्रयोजन काय, हे सांगावे लागते; त्या सवयीमुळे अनेक जण आधी वकीलपत्र किंवा मुखत्यारपत्र तयार करण्याच्या मागे लागतात आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही घालवतात. केवळ प्रत मिळवण्यासाठी यातले काहीच लागत नाही. सॅन होजेत राहणारा आपला कोणीही स्नेही न्यायालयाच्या क्लार्कच्या, म्हणजे तिथले कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन, शुल्क भरून ती घेऊ शकतो.

मात्र सार्वजनिक कागद म्हणजे इंटरनेटवर दिसणारा कागद, असे तिथेही नाही, आणि बहुतेकांची गाडी नेमकी इथेच अडते. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांपैकी 2.503 क्रमांकाचा नियम सांगतो की, दिवाणी प्रकरणांतील इलेक्ट्रॉनिक कागद शक्य असेल तिथे घरबसल्या पाहता यावेत. परंतु कौटुंबिक, बालन्यायालयीन, पालकत्वाची, मानसिक आरोग्याची, फौजदारी आणि छळापासून संरक्षणाची प्रकरणे यांतील कागद जनतेला प्रत्यक्ष न्यायालयाच्या इमारतीतच दाखवावेत. प्रकरणांची सूची आणि त्यात कोणत्या तारखेला काय दाखल झाले याची नोंदवही ऑनलाइन ठेवायला नियमाची आडकाठी नाही. तेव्हा काकांचे नाव न्यायालयाच्या संकेतस्थळावर सापडले, पण हुकूमनामा उघडता आला नाही, तर कागद गहाळ झाला किंवा गोपनीय केला गेला असा अर्थ काढू नये. हा नियम मला योग्य वाटतो. घटस्फोटाच्या अर्जात कुटुंबाचे जे काही उघडे पडते, ते जगातल्या कुणीही रात्री कुतूहलापोटी वाचत बसावे असे नसते. ज्याला खरोखर गरज आहे, त्याला खिडकीपर्यंत जाण्याचा त्रास सोसता येतो.

पहिले काम म्हणजे काउंटी कोणती, हे नक्की करणे. कॅलिफोर्नियात 58 काउंट्या आहेत, प्रत्येकीचे एक सुपीरियर कोर्ट, म्हणजे खटले पहिल्यांदा जिथे चालतात ते न्यायालय आहे आणि या सर्वांच्या नोंदी एकाच ठिकाणी नावाने शोधण्याची राज्यव्यापी सोय नाही. आपले लोक ‘बे एरियात होते’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे या परिसरात होते, एवढेच सांगतात, पण तेवढ्याने भागत नाही. सॅन होजे, सनीव्हेल, कूपर्टिनो, मिल्पिटास, माउंटन व्ह्यू आणि पालो आल्टो ही शहरे सांता क्लारा काउंटीत येतात. मिल्पिटासला लागून असलेले फ्रिमाँट मात्र अलामेडा काउंटीत आहे आणि पालो आल्टोच्या शेजारचे मेन्लो पार्क सॅन मटेओ काउंटीत. घटस्फोटाचा अर्ज करण्यासाठी पती किंवा पत्नीपैकी एकाने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने वास्तव्य केलेले असावे लागते. म्हणून विवाह कुठे झाला हे बाजूला ठेवून, त्या सुमारास दोघांपैकी प्रत्येक जण कोणत्या गावात राहत होता, हे जुन्या पत्रांवरून किंवा नातेवाइकांकडून आधी काढा. दोघे वेगळे झाल्यावर काकू फ्रिमाँटला गेल्या असतील आणि अर्ज त्यांनी केला असेल, तर सांता क्लारात कितीही शोधले तरी काही हाती लागणार नाही.

त्यानंतर सांता क्लारा सुपीरियर कोर्टाच्या सार्वजनिक पोर्टलवर नावाने शोध घ्यावा. येथे मराठी नावे फार त्रास देतात. क्षीरसागर किंवा वैशंपायन यांसारखे आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते, वडिलांचे नाव कधी मधल्या रकान्यात येते तर कधी पहिल्या नावाला जोडून येते, आणि काही वेळा अर्ज भरणाऱ्याने आडनावाच्या जागी वडिलांचेच नाव लिहिलेले असते. म्हणून काकांच्या पारपत्रावर जसे स्पेलिंग होते तसे आधी पाहा, मग इतर प्रकारे पाहा, आणि काकूंच्या नावाने, त्यांच्या माहेरच्या आडनावानेही शोधा. जन्मतारीख घालून शोध नेमका करण्याची सोय मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. रिव्हरसाइड काउंटीतील एका खटल्यात 2021 साली राज्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, जन्मतारीख किंवा वाहन चालवण्याच्या परवान्याचा क्रमांक यांच्या आधारे सूची गाळून देणे नियमाविरुद्ध आहे. त्यामुळे सारख्या नावाची दोन प्रकरणे आली, तर पती-पत्नीची जोडी जुळवूनच ती वेगळी करावी लागतात.

शोधाअंती आपल्याला केस नंबर मिळाला की निम्मे काम झाले. तो नसेल तर क्लार्ककडूनही शोध करून घेता येतो; दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागणाऱ्या प्रत्येक शोधासाठी 15 डॉलर शुल्क आहे. साध्या प्रतीसाठी पानामागे 50 सेंट, आणि घटस्फोटाच्या नोंदीच्या प्रमाणित प्रतीसाठी 15 डॉलर असा दर राज्याच्या कायद्याने ठरलेला आहे. इतर कागद प्रमाणित करून घ्यायचे तर 40 डॉलर आणि शिवाय पानांचा खर्च. पैसे भरण्याआधी न्यायालयाचे चालू दरपत्रक अवश्य पाहावे. आपल्याला ज्या खासगी संकेतस्थळाने ‘संपूर्ण अहवाल’ देण्यासाठी पैसे मागितले, त्याला एक रुपयाही देऊ नका. अशी संकेतस्थळे निरनिराळ्या सूचींमधील मजकूर गोळा करून विकतात. न्यायालयाचा शिक्का असलेली प्रत ती देऊ शकत नाहीत, आणि तलाठी किंवा मंडळ अधिकारी यांच्यापुढे अशा अहवालाला काही किंमत नाही.

कौटुंबिक प्रकरणांचे काम सॅन होजेच्या नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरील फॅमिली जस्टिस सेंटर कोर्टहाउस या 2016 साली सुरू झालेल्या इमारतीत चालते. टपालानेही मागणी करता येते: केस नंबर, दोघांची नावे, हवा असलेला कागद, शुल्काचा धनादेश आणि परतीचा पत्ता लिहिलेला, तिकिटे लावलेला लिफाफा पाठवायचा. भारतातून अमेरिकी बँकेचा धनादेश आणि अमेरिकी तिकिटे जुळवणे अवघड असते, म्हणून माझा सल्ला असा की, हे काम तिथल्या एखाद्या विश्वासू माणसाकडे सोपवावे. घटस्फोटाची फाइल 30 वर्षे जपणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे 2009चे प्रकरण नष्ट झाले असण्याची भीती बाळगू नका. जुनी फाइल साठवणुकीतून मागवावी लागली तर थोडे दिवस अधिक लागतील, इतकेच.

आता नेमका कोणता कागद मागायचा, हे मी जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या वारस नोंदीचा निकाल त्यावर अवलंबून आहे. आपल्याला एफएल-180 या नमुन्यातील ‘जजमेंट’ हवे आहे. अनेकदा माणसे घटस्फोटाचा अर्ज किंवा एफएल-190 ही निकालाची सूचना घेऊन परततात. अर्जाने काहीच सिद्ध होत नाही आणि सूचना केवळ दुय्यम आहे. एफएल-180वर दोन गोष्टी तपासा. पहिली, त्यावर विवाह संपुष्टात आल्याची खूण आहे की केवळ कायदेशीर विभक्तीची. विभक्तीत विवाह टिकून असतो. दुसरी, वैवाहिक स्थिती कोणत्या तारखेला संपली, कारण ती तारीख न्यायाधीशांच्या सहीच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते. प्रतिपक्षाला समन्स मिळाल्यापासून, किंवा तो त्याआधी न्यायालयात हजर झाला असेल तर त्या दिवसापासून, निदान सहा महिने उलटल्याशिवाय विवाह संपत नाही. काही प्रकरणांत विवाह आधी संपवून मालमत्तेचा निकाल पुढे वेगळा दिला जातो, म्हणून फाइलमधील सर्व निकालांच्या प्रती मागाव्यात.

आणि निकालाची नोंदच झालेली नसेल, तर? असे घडते. अर्ज दाखल होतो, पती-पत्नी वेगळे राहू लागतात, घरचे ‘घटस्फोट झाला’ असे धरून चालतात, आणि प्रकरण पाठपुरावा न झाल्यामुळे पुढे काढून टाकले जाते. निकालाची नोंद होण्याआधीच एका पक्षकाराचा मृत्यू झाला, तर कॅलिफोर्नियात विवाह संपवण्याची मागणी तिथेच खुंटते आणि विवाह मृत्यूने संपला असे मानले जाते. तसे असेल तर काकू घटस्फोटित नव्हेत, विधवा ठरतील, आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार विधवा पत्नी ही पहिल्या वर्गातील वारस आहे. काकांना मुले असतील, तर घटस्फोट झालेला असो वा नसो, तीही त्याच वर्गात येतात. तेव्हा कागद हाती येण्यापूर्वी फेरफाराच्या अर्जात काकूंचे नाव वगळून प्रतिज्ञापत्र करू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. यात एका स्त्रीच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि आपण स्वतः शपथेवर काय लिहून देता, याचाही आहे.

मृत्युपत्राच्या प्रश्नाकडे वळतो. कॅलिफोर्नियात ज्याच्या ताब्यात मूळ मृत्युपत्र आहे, त्याने मृत्यूची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत ते काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे जमा करायचे असते. मालमत्तेसाठी प्रोबेटचे, म्हणजे मृताची मालमत्ता न्यायालयाच्या देखरेखीखाली वारसांकडे सोपवण्याचे प्रकरण उघडले गेले असेल, तर ते त्याच पोर्टलवर मृताच्या नावाने सापडावे, आणि मृताच्या मालमत्तेची प्रकरणे वर सांगितलेल्या निर्बंधित यादीत येत नसल्याने त्यांतील कागद ऑनलाइनही पाहता येऊ शकतात. त्यातला डीई-111 नमुन्यातील मूळ अर्ज अवश्य मिळवा. मृताच्या मागे पती किंवा पत्नी आहे का, नसल्यास घटस्फोट झाला होता की जोडीदार आधी वारला, हे त्यात लिहावे लागते, आणि वारसांची व मृत्युपत्रातील लाभार्थींची नावे, नाती, वये, पत्तेही द्यावे लागतात. तो अर्ज खोटे बोलल्यास शिक्षा होईल या जाणिवेने सही केलेला असतो. घटस्फोटाच्या फाइलला पूरक पुरावा म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

प्रोबेटचे प्रकरण सापडले नाही, तर काकांनी काही व्यवस्था केलीच नव्हती असे समजू नका. कॅलिफोर्नियात घर असलेले अनेक जण लिव्हिंग ट्रस्ट, म्हणजे हयातीतच मालमत्ता ज्याच्या नावे करता येते असा न्यास करतात, आणि ट्रस्टमधील मालमत्ता न्यायालयात न जाता पुढे जाते. बँकेची व निवृत्तीची खाती नामनिर्देशित व्यक्तीला थेट मिळतात. अशा वेळी न्यायालय सोडून काउंटीच्या क्लार्क-रेकॉर्डर कार्यालयाकडे वळावे. हे कार्यालय न्यायालयापासून स्वतंत्र आहे आणि घराच्या खरेदीखतांची नोंद तिथे होते. तेथील सूचीत काकांच्या नावाने ट्रस्टला घर हस्तांतरित केल्याचा किंवा त्यांच्या मृत्यूनंतर नोंदवलेल्या प्रतिज्ञापत्राचा दस्त सापडला, तर पुढचा माग त्यावरून काढता येतो.

हुकूमनामा हाती आल्यावर तो भारतात वापरण्यासाठी अपोस्टिल करून घ्यावा, म्हणजे कागद खरा असल्याचे, एका आंतरराष्ट्रीय करारानुसार परदेशात मान्य होणारे प्रमाणपत्र त्याला जोडून घ्यावे. भारत 2005पासून त्या करारात आहे. कॅलिफोर्नियात हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटचे कार्यालय करते आणि त्याचे मूळ शुल्क 20 डॉलर आहे. प्रमाणित प्रत घेतानाच क्लार्कला सांगावे की ती अपोस्टिलसाठी हवी आहे, म्हणजे ज्यांच्या सहीचा नमुना त्या कार्यालयाकडे आहे अशा अधिकाऱ्याची सही तिच्यावर येईल. अशा प्रतीवरून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 14 नुसार आपले न्यायालय असे गृहीत धरते की, निकाल सक्षम न्यायालयाने दिला आहे. हे गृहीतक खोडून काढता येते, आणि तो निकाल भारतात बंधनकारक आहे की नाही, हा कलम 13चा वेगळा प्रश्न आहे. हिंदू विवाहाच्या परदेशी घटस्फोटाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1991च्या वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या प्रकरणात त्याचे निकष घालून दिले आहेत. काकूंनी कॅलिफोर्नियातील प्रकरणात हजर राहून संमती दिली होती का, हे त्यात कळीचे ठरते. म्हणून हुकूमनाम्याबरोबर त्यांचे उत्तर किंवा दोघांचा लेखी समझोता फाइलमध्ये असेल, तर त्याचीही प्रमाणित प्रत घ्या आणि मग पुण्यातील दिवाणी वकिलाला भेटा. अमेरिकेतील वकिलाची गरज आपल्याला पडलीच, तर ती प्रोबेट चालू असून त्यात हक्क सांगायचा असेल तेव्हा पडेल. त्या वेळी मात्र उशीर करू नका, कारण प्रोबेटमध्ये हरकती आणि दावे दाखल करण्याच्या मुदती ठरलेल्या असतात.