‘उतरंल की आपोआप’

“सोनोग्राफीत दिसलं नाही, मग पोटात दुर्बीण घालून काय दिसणार वं?” सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर देण्याआधी तो कोण विचारतंय ते बघते. आई विचारते तेव्हा भीती भुलेची असते. बाप विचारतो तेव्हा खर्चाची, नाहीतर वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या लग्नाची. या वेळी विचारत होत्या आजी.

नातू 14 महिन्यांचा. उजवी गोटी, म्हणजे वृषण, हाताला लागत नव्हती. सर्जननी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सांगितल्यापासून घरात धुसफूस. मुलगा यंत्रमागावर, त्याचं म्हणणं “आई म्हणेल तसं.” सून गप्प.

आधी वैद्यकाचं सांगते. न उतरलेलं वृषण बहुतेक मुलांत जांघेत हाताला लागतं. पाचातल्या साधारण एका मुलात लागत नाही, आणि तिथं सोनोग्राफीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून बेंबीपाशी छोट्या छेदातून दुर्बीण घालून रक्तवाहिन्यांचा माग काढतात. वृषण पोटात सापडलं तर बहुधा त्याच भुलेत खाली आणता येतं. रक्तवाहिन्या फारच आखूड असतील तर दोन टप्पे, मध्ये काही महिने. वाहिन्या जांघेत उतरलेल्या दिसल्या तर शोध तिथं. आणि त्या पोटातच नुसत्या संपल्या, तर वृषण जन्माआधीच विरून गेलेलं असतं. तेही कळणं गरजेचं. वृषणाला शरीरापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो, म्हणून ते खाली आणायचं. (सोलापूरच्या मे महिन्यात हे सांगताना मलाच हसू येतं.)

हे सगळं सर्जननी त्यांना नीट सांगितलं होतं. माहिती कमी नव्हती. तीन भेटी मीही तेच घोळवत बसले, ही माझी चूक. चौथ्या भेटीत सहज विचारलं, “आजी, बाळाला अंघोळ कोण घालतं?”

“मीच की. पहिल्या दिवसापासनं.”

“मग तुम्हाला कधी कळलं?”

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. “बाराव्या दिवशीच. म्हटलं, उतरंल की आपोआप. रोज तेलाचा हात वरनं खाली फिरवायची. कुणाला बोलले न्हाई.”

सुनेनं पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बघितलं. “आत्या, मला वाटत होतं ग्रहणात मी विळी धरली म्हणून झालं.”

दोघी एकाच बाळाचा दोष आपापल्या पदरात घेऊन वर्षभर एका घरात वावरत होत्या. मी एकट्या माणसापेक्षा सगळ्या घराकडे बघणाऱ्या समुपदेशकांच्या पठडीतली. शस्त्रक्रियेला सगळ्यात जोरात नाही म्हणणारं माणूस पुष्कळदा आतून स्वतःलाच बोल लावत असतं. आजींना वाटत होतं, ऑपरेशन झालं की आपली चूक चारचौघांत सिद्ध होणार. हे मला अनुभवानं कळलंय, आणि थोडा अभिमानही आहे त्याचा.

मी म्हणाले, “ग्रहणाचा काही संबंध नाही. आणि आजी, पहिले सहा महिने डॉक्टरसुद्धा वाटच बघतात. तेवढे तुमचे बरोबर होते. त्यानंतर आपोआप उतरणं क्वचित, म्हणून पुढचे आठ जास्त झाले. पण दीड वर्षाच्या आत करतात, वेळ गेलेली नाही.”

खोटा दिलासा दिला असता तर त्यांनी तो घेतला नसता. “आठ जास्त झाले” म्हटलं, तेव्हाच त्यांनी मान हलवली.

तारीख आजींनीच काढली. गोटी पोटात, जांघेच्या तोंडाशीच होती; एका टप्प्यात खाली आली. अशा मुलांत पुढे कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त राहतो, तेव्हा वयात आल्यावर त्याला स्वतः तपासायला शिकवा, एवढं मी बापाला बाजूला घेऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आजींचा फोन. टाक्यांचं काही विचारलं नाही. “मॅडम, अंघोळ कधीपासनं घालू?”